आकोलमानच्या नऊ रात्री

मेक्सिको शहरातून ईशान्येकडे निघालेल्या प्रवाशाला बहुधा एकच ओढ लागलेली असते. तेओतिवाकान येथील प्रचंड पिरॅमिड त्याला पाहावयाचे असतात. त्या पिरॅमिडांच्या थोडे अलीकडे, राजधानीपासून सुमारे ४० किलोमीटरांवर, आकोलमान नावाचे एक लहानसे गाव लागते. गाडीच्या खिडकीतून एक जुना दगडी मठ दिसतो न दिसतो तोच मागे पडतो, आणि प्रवाशाच्या मनात पुन्हा पिरॅमिड उभे राहतात. अकरा महिने असेच चालते. डिसेंबर लागला, की मात्र या गावाला डावलून पुढे जाणे कठीण होऊन बसते. दुकानांपुढे, छपरांखाली, दोऱ्यांवर, जिकडे पाहावे तिकडे लाल, हिरवे, गुलाबी, निळे कागदी तारे लोंबू लागतात. एकेका ताऱ्याचा विस्तार असा, की लहान मूल त्याला दोन्ही हातांनी कवेत घेऊ शकणार नाही.

या ताऱ्यांचे मूळ शोधू गेल्यास त्या दगडी मठाशीच यावे लागते. ऑगस्टीन संप्रदायाच्या साधूंनी सोळाव्या शतकात तो बांधला. त्याच्या नक्षीदार दर्शनी भिंतीवर १५६० हे साल कोरलेले आहे. समोर एक दगडी क्रूस आहे. त्यावर येशूचे शरीर नाही, केवळ मधोमध त्याचे मुख आहे, आणि क्रुसाच्या बाहूंवर वेलपत्ती पसरली आहे. ती कोरणारे कारागीर तेथलेच होते; हुकूम साधूंचा, छिन्नी मात्र त्यांची. पुढे अठराव्या शतकातील पुरांनी हा मठ गाळाने भरून गेला आणि ओसाड पडला. विसाव्या शतकात लोकांनी तो उपसून पुन्हा मोकळा केला. त्याही पूर्वी हे गाव कशासाठी प्रसिद्ध होते म्हणाल, तर कुत्र्यांच्या बाजारासाठी! गावांची कीर्ती कशावर ठरेल याचा नेम नाही.

स्पॅनिश सैन्याने १५२१ साली अॅझ्टेकांची राजधानी जिंकली. त्यानंतर जुनी देवळे पाडली गेली, मूर्ती फोडल्या गेल्या. ती हकिकत क्रूर आहे आणि ती सौम्य शब्दांत सांगण्याचे कारण नाही. परंतु देऊळ पाडले म्हणून सणाचा दिवस पडत नाही. दिवस सर्वांत लहान होतो आणि सूर्य पुन्हा वर चढू लागतो, त्या सुमारास अॅझ्टेक लोक आपल्या वित्सिलोपोच्त्ली या देवाचा उत्सव करीत. येशूचा जन्मोत्सवही त्याच दिवसांत येतो. हे साधूंच्या ध्यानात आल्यावाचून कसे राहील? १५८७ साली आकोलमानच्या मठाचे प्रमुख फ्राय दिएगो दे सोरिया यांनी पोप पाचवे सिक्स्टस यांची अनुज्ञा मिळविली आणि १६ ते २४ डिसेंबर असे नऊ दिवस विशेष प्रार्थना सुरू केल्या. या प्रार्थना मठाच्या आत नव्हे, तर पुढच्या मोकळ्या अंगणात होत. लोकांना उघड्या आकाशाखाली देव पूजण्याची सवय होती. त्यांनी जेत्यांचा देव घरात घेतला, पण आपले अंगण सोडले नाही.

कालांतराने हा उत्सव मठाच्या अंगणातून गल्ल्यांत आला आणि गल्ल्यांतून घराच्या दारापर्यंत पोहोचला. त्याला 'पोसादा' म्हणतात. पोसादा म्हणजे उतरण्याची जागा, आपल्याकडील धर्मशाळा म्हणा ना. बायबलातील कथा अशी : बादशहाच्या आज्ञेवरून शिरगणती होणार होती, म्हणून योसेफ आपल्या गरोदर पत्नीला, मरियेला, घेऊन बेथलेहेम गावी निघाला. तेथे उतारशाळेत त्यांना जागा मिळाली नाही. म्हणून येशूला जन्मल्यावर गव्हाणीत निजवावे लागले. मेक्सिकोतील लोकांनी या कथेतील ओवाळणी, आरास, देवदूत हे सर्व घेतलेच. पण नऊ रात्रींचा मुख्य विषय केला तो 'जागा नाही' या दोन शब्दांना. हे विलक्षण नव्हे काय?

महाराष्ट्रातून नोकरीनिमित्त मेक्सिको शहरात गेलेला एक तरुण अभियंता अशाच एका डिसेंबरात आकोलमानला येऊन पोहोचला. कारखान्यातील एका सहकाऱ्याने त्याला एका रात्रीपुरते बोलाविले होते. सहकाऱ्याच्या वृद्ध आईने त्याची लहानशी पिशवी पाहिली, ती उचलून आतल्या खोलीत ठेवली, आणि नऊ रात्रींचा उत्सव एका रात्रीत कोणी पाहतो का, असे मुलाकडून त्याला विचारविले. तरुणाच्या रजेचे दिवस शिल्लक होते. घरी जाऊन त्याला दोन वर्षे झाली होती, आणि त्या वर्षीची दिवाळी त्याने भाड्याच्या खोलीत खिडकीशी एक पणती लावून काढली होती. तो राहिला.

पहिल्या दिवशी अंधार पडताच गल्लीतील माणसे जमू लागली. मेक्सिकोचे हे मध्यवर्ती पठार समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरांहून अधिक उंच आहे. तेथील डिसेंबरच्या रात्री कोरड्या, निरभ्र आणि चांगल्याच बोचऱ्या असतात. बायकांनी डोक्यावरून शाली घेतल्या होत्या. दोन मुलांच्या खांद्यांवर एक फळी होती. तिच्यावर पाइनच्या डहाळ्यांमध्ये मातीच्या लहान मूर्ती मांडल्या होत्या : गाढवावर बसलेली मरिया आणि हातात काठी घेतलेला योसेफ. पालखी म्हणावी तर फारच साधी, पण तिच्यापुढे चालताना लोकांचे पाय आपोआप सावकाश पडत होते. प्रत्येकाच्या हाती मेणबत्ती होती, तशी तरुणाच्याही हाती देण्यात आली. लहान मुलांना फुलबाज्या वाटण्यात आल्या. फुलबाजीला तेथे 'बंगालचे दिवे' अशा अर्थाचे नाव आहे. इतक्या दूर, परक्या भाषेत, एका ओळखीच्या वस्तूला आपल्या देशातील प्रांताचे नाव ऐकून त्याला गंमत वाटली.

मिरवणूक एका बंद दाराशी थांबली. अर्धी माणसे अगोदरच आत जाऊन बसली होती. बाहेरच्यांनी गाऊन आसरा मागितला : रात्र झाली आहे, पत्नी थकली आहे, तिला चालवत नाही. आतून गाण्यातच उत्तर आले : पुढे चला, ही धर्मशाळा नव्हे, तुम्ही कोण चोर आहात कोणास ठाऊक! बाहेरचे पुन्हा विनवू लागले. आतले अधिकच कठोर झाले आणि त्यांनी काठीचा धाकही घातला. सहकारी तरुणाच्या कानाशी लागून एकेका कडव्याचा अर्थ सांगत होता. तरुण पहिल्याने हसला. राजधानीत खोली शोधताना कित्येक दारांतून हेच प्रश्न त्याला ऐकावे लागले होते : कुठले? एकटेच का? किती दिवस राहणार? आणि मग, 'नाही, जागा नाही.' येथे ते चालीवर म्हटले जात होते, एवढाच फरक. दुसऱ्या दाराशीही नकार मिळाला. तिसऱ्या दाराशी येईपर्यंत मेणबत्तीचे मेण ओघळून त्याच्या बोटांवर थिजले होते, शेजारची एक लहान मुलगी थंडीने कुडकुडत होती, आणि तो हसावयाचे विसरला होता. त्या जमावात ज्याचे गावात खरोखरच घर नव्हते असा तो एकटाच होता.

तिसऱ्या घरातील लोकांनी अखेर पाहुण्यांना ओळखले. गाण्याची चाल एकदम बदलली, दोन्ही दारे सताड उघडली, आणि प्रकाश, वाफ व दालचिनीचा वास एकदमच बाहेर आला.

हा वास पोन्चेचा. अंगणात मोठ्या पातेल्यात ते पेय उकळत असते. पेरू, उसाचे करवे, चिंच, दालचिनी, गूळ आणि तेहोकोते नावाचे बोराएवढे पिवळे, आंबटगोड फळ, इतके सारे त्यात शिजते. गूळ तेथे शंकूच्या आकाराच्या लहान ढेपांत मिळतो. परंतु ढेप फोडण्याची रीत, आणि फोडताना मुलांनी खडा पळविण्याची रीत, दोन्ही ठिकाणी सारखीच. पातेल्यात डोकावून पाहिले तर एक मोठा इतिहास शिजत असलेला दिसेल. पेरू मूळचा अमेरिकेतला. पोर्तुगीजांच्या गलबतांतून तो आपल्याकडे आला आणि आता कोणाला परका वाटत नाही. चिंच, ऊस आणि दालचिनी यांनी उलट दिशेने समुद्र ओलांडला. तरुणाने पहिला घोट घेतला आणि त्याला आपल्या घरची आठवण झाली ती या चिंचेमुळे. त्या बिचाऱ्या चिंचेला हे कसे कळावे!

पोन्चे पिऊन हात उबदार झाले, की मुले अंगणाकडे धावतात. तेथे दोरीला तो कागदी तारा टांगलेला असतो. त्याला पिन्याता म्हणतात. त्याच्या पोटात मातीचे मडके असते. मडक्यावर वर्तमानपत्राचे थर खळीने चिकटवितात, त्याला सात शंकू बसवितात आणि वरून रंगीत कागदाची झालर लावितात. हे सात शंकू म्हणजे सात पापे, असे तेथील वडीलधारी माणसे सांगतात. आपल्याकडे रिपू सहा मानले आहेत. त्यांनी खादाडपणा आणि आळस हे दोन निराळे धरले, मोह तेवढा गाळला. मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात, कारण श्रद्धेला डोळ्यांनी पाहण्याची गरज नसते. हातात काठी देतात, ती सद्गुणाची. आणि पिन्याता फुटून जो खाऊ खाली पडतो तो ईश्वरी कृपेचा. हा सर्व अर्थ ऐकून घेण्याइतका धीर मात्र मुलांपाशी नसतो. पट्टी बांधून तीन गिरक्या दिल्या, की मूल भलत्याच दिशेला काठी फिरवू लागते, दोरी ओढणारा पिन्याता वर उचलतो, 'इकडे, इकडे!' असा चोहोंकडून गलका होतो, आणि एखादे काका वेळीच मागे सरले नाहीत तर सद्गुणाचा प्रसाद त्यांना मिळतो.

दहीहंडी पाहत वाढलेल्या माणसाला हा खेळ समजावून सांगावा लागत नाही. उंचावर टांगलेले मडके, ते फोडण्याची घाई, आणि फुटल्यावर सर्वांनी मिळून लुटणे, सारे ओळखीचे. भेद आहे तो इतकाच, की आपल्याकडे दहा जणांच्या खांद्यांवर चढून एकाने मडके गाठावे लागते. तेथे एकट्या आंधळ्या मुलाला ते शोधावे लागते आणि इतरांना केवळ ओरडता येते. पिन्याता फुटला की भुईमुगाच्या शेंगा, संत्री, उसाचे तुकडे, तेहोकोते आणि साखरेच्या गोळ्या यांचा पाऊस पडतो. पूर्वी त्याबरोबर मडक्याच्या खापऱ्याही पडत आणि एखाद्याचे डोके फुटे. म्हणून आता पुष्कळ ठिकाणी मडक्यावाचून, नुसत्या कागदाचेच पिन्याते करतात. ते सुरक्षित खरेच. पण जुन्या माणसांना त्यांचा आवाज आवडत नाही. मडके फुटले की सबंध गल्लीला कळे. कागद फाटला तर शेजाऱ्यालाही कळत नाही, असे त्यांचे म्हणणे.

आकोलमानमध्ये मडक्याचे पिन्याते अजून होतात. दर डिसेंबरात तेथे पिन्यात्यांचा मेळाही भरतो. ज्या घरांचा हा व्यवसाय आहे तेथे झालर कातरण्याचे काम महिनोन् महिने चालते. जी वस्तू एवढ्या निगुतीने करावयाची, तिचे भाग्य एका रात्रीत काठीखाली फुटण्याचे! तरुणाने त्या वृद्ध आईला याविषयी विचारले, तेव्हा तिला प्रश्नच नीट उमगला नाही. न फुटलेला पिन्याता घेऊन करावयाचे काय, असे तिने उलट विचारले.

रात्रीमागून रात्री गेल्या. घर रोज निराळे असे, गाणे तेच. हळूहळू तरुणाच्या ध्यानात येऊ लागले, की या गर्दीत म्हातारी माणसे आणि मुले पुष्कळ, पण मधल्या वयाचे पुरुष त्या मानाने थोडे. कामाच्या शोधात उत्तरेकडे, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेलेला कोणी ना कोणी बहुतेक घरी होता. या घरचाही थोरला मुलगा गेलेला होता. भिंतीवर त्याचे छायाचित्र होते, आणि रोज मिरवणुकीला निघण्यापूर्वी आई त्याच्याशी दूरध्वनीवर बोलत असे. तिकडे फार थंडी आहे का आणि घरमालक बरा आहे का, हे दोन प्रश्न ती कधी चुकवीत नसे. दोन देशांच्या सीमेवर, तिहुआना शहराजवळ, कित्येक वर्षे कुंपणाच्या दोन्ही बाजूंना माणसे उभी राहून पोसादा साजरा करीत आली आहेत : एका बाजूने आसरा मागावयाचा, दुसऱ्या बाजूने उत्तर द्यावयाचे. तेथे दार उघडण्याचे कडवे म्हटले जाते. कुंपण मात्र जागचे हलत नाही.

२४ तारखेची शेवटची रात्र या घरची होती. पहाटेपासून स्वयंपाकघरात पाच-सहा बायका तामालेस करीत होत्या. चुन्याच्या पाण्यात शिजवून दळलेल्या मक्याचे पीठ चरबी घालून फेटावयाचे, कणसाच्या सालीवर थापावयाचे, मध्ये सारण भरून साल मिटावयाची आणि वाफवावयाचे. हळदीच्या पानावर पातोळ्या थापणारी कोकणातील बाई त्या ओळीत बसली असती तर तिला घटकाभरात ते काम साधले असते. तरुणाला साली पुसून देण्याचे काम मिळाले होते, आणि त्यात होणाऱ्या त्याच्या चुकांवर सर्वजणी मनसोक्त हसत होत्या. बाहेरच्या खोलीत शेवाळ पसरून गोठ्याची आरास केली होती : मेंढरे, मेंढपाळ, बैल, गाढव. गव्हाणी मात्र रिकामी होती. मध्यरात्रीपर्यंत ती रिकामीच ठेवावयाची असते. जवळ लाल पानांच्या फुलझाडाच्या कुंड्या होत्या. हे झाड मूळचे मेक्सिकोचेच; नाताळच्या रात्रीवरून तेथे त्याला 'नोचेबुएना' म्हणतात. अमेरिकेचा एक वकील एकोणिसाव्या शतकात ते आपल्या देशी घेऊन गेला आणि इंग्रजीत त्याला त्या वकिलाचेच नाव पडले.

रात्र पडली. घरच्या माणसांनी आत थांबावयाचे होते. आणि तरुण आता घरच्यांपैकी होता. आईने त्याला स्वतःशेजारी, दाराच्या अगदी मागे उभे केले. आठ रात्री बाहेर उभा राहून त्याला नकाराची कडवी पाठ झाली होती. ती आज त्याला म्हणावयाची होती.

बाहेर गाणे सुरू झाले. आतून ते निराळेच ऐकू येत होते. चेहरे दिसत नव्हते, मेणबत्त्या दिसत नव्हत्या. दाराच्या फटीतून गार वारा येत होता आणि त्याबरोबर कोणा अनोळखी माणसांचे आवाज. त्या आवाजांत त्या लहान मुलीचाही आवाज होता. आतल्यांची पाळी आली. आई खड्या स्वरात गाऊ लागली. तरुणाने तोंड उघडले, पण शब्द फुटेना.

त्याला एक दार आठवले होते. तो आठ-नऊ वर्षांचा असेल. गावाकडे ऐन आषाढातील रात्र होती. पावसाची झड लागली होती आणि कोणी तरी वाटसरू बाहेरून कडी वाजवीत होता. रात्रीपुरती ओटीवर जागा द्या, एवढेच त्याचे मागणे होते. त्या दिवसांत चोऱ्यांचा बोभाटा होता. घरातील मोठ्या माणसांनी एकमेकांकडे पाहिले, आणि पोराच्या आवाजाने संशय येणार नाही म्हणून त्यालाच पुढे केले. 'घरात कोणी मोठे नाही,' असे त्याने सांगितल्याप्रमाणे खिडकीतून सांगितले. सकाळी दार उघडले तेव्हा बाहेरच्या ओट्याच्या कोपऱ्यात ओल्या घोंगडीची एक चौकोनी खूण उमटलेली होती. माणूस निघून गेला होता. घरात कोणी काही बोलले नाही. आईने ओटा धुऊन टाकला.

बाहेरचे कडवे संपले. आतल्यांचे पुन्हा सुरू झाले. तरुण गप्प आहे हे वृद्ध आईच्या ध्यानात आले. गाणे न थांबविता तिने एकदा त्याच्याकडे निरखून पाहिले. तिने काय ताडले, ते तिचे तिलाच ठाऊक. तिने त्याचा हात धरून दाराच्या अडसरावर ठेवला आणि थांब, अशी खूण केली. अजून दोन कडवी उरली होती. त्या दोन कडव्यांइतका वेळ तो अडसर धरून उभा राहिला. लोखंड थंडगार होते. मग चाल बदलली, सर्वांचे स्वर उंचावले, आणि आईने मान हालविली.

त्याने इतक्या जोराने अडसर ओढला, की दार भिंतीवर जाऊन आदळले. पुढे उभी असलेली ती लहान मुलगी दचकली, मग हसली, आणि हातातील मेणबत्ती सांभाळीत सर्वांच्या आधी आत आली.